घरची संध्याकाळ कार्यालयाच्या वेळापत्रकातच ठरते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काम, मोबाइल आणि घर यांचा मेळ कसा घालावा, याविषयी वृत्तपत्रांत नेहमी लिहिले जाते. त्यातला बहुतेक सल्ला एकट्या माणसाला दिलेला असतो. घरी आल्यावर फोन बाजूला ठेवा, जेवताना स्क्रीन बघू नका, मुलांशी बोला. सल्ला चुकीचा नाही. पण तो पाळायला निघालेला माणूस चार दिवसांत थकतो, कारण फोन त्याने हौसेने हातात घेतलेला नसतो. पलीकडून कोणीतरी कामासाठी बोलावत असते, आणि कोणी, केव्हा, कोणत्या कामासाठी बोलवायचे हे त्याच्या कार्यालयात कोणीच ठरवलेले नसते. पुण्यातील माहिती-तंत्रज्ञान आणि सेवा क्षेत्रातील कंपन्यांत पाळ्यांचे आणि ऑन-कॉलचे (म्हणजे कामाच्या वेळेबाहेर बिघाड झाला तर कोणाला फोन जाईल याचे) नियोजन हे आमचे काम आहे. ते करताना जे पक्के कळले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

सुरुवात घड्याळापासून करू. न्यूयॉर्कशी काम असणाऱ्या गटाची रोजची बैठक तिथल्या सकाळी ९ वाजता ठेवलेली असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे बैठक इथे संध्याकाळी साडेसहाला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात, अंतर साडेदहा तासांचे होते आणि तीच बैठक साडेसातवर येते. ती मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिथेच राहते. शिकागोची साडेआठची बैठक सातवरून आठला जाते. सॅन फ्रान्सिस्कोची सकाळी आठची बैठक उन्हाळ्यात रात्री साडेआठला असते, हिवाळ्यात साडेनऊला. अॅरिझोना राज्यात बहुतेक भागात घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे फिनिक्सचे अंतर बारा महिने साडेबारा तासांचे. युरोप मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतो. त्यामुळे लंडन, न्यूयॉर्क आणि पुणे अशा तिघांच्या बैठकीत मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा सगळाच घोळ होतो.

यातला एक तास क्षुल्लक वाटतो. पण साडेसहाची बैठक सव्वासातला संपली, तर हिंजवडीतून निघून रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचता येते. साडेसातची बैठक सव्वाआठला संपते आणि वाकडच्या चौकातली कोंडी धरली तर ताटे उचलल्यावरच माणूस दारात येतो. घरून काम करणाऱ्याचे हाल निराळे: तो घरातच असतो, पण मूल अभ्यासाला बसते, वृद्ध आई-वडील जेवायला बसतात, त्याच वेळी तो कानात हेडफोन घालून दार लोटून घेतो. नोव्हेंबर ते मार्च असे चार महिने हे चालते आणि घरातले म्हणतात, हल्ली तुझे लक्षच नसते. लक्ष असो वा नसो, वेळच हललेली असते.

याला उपाय आहे आणि तो फार साधा आहे. आवर्ती, म्हणजे ठरावीक वेळी पुन्हा पुन्हा होणारी बैठक कॅलेंडरमध्ये ज्या टाइम झोनमध्ये तयार केली, त्या झोनच्या घड्याळाला ती चिकटून राहते. आउटलुक आणि गूगल कॅलेंडर दोन्हींत हेच होते. बैठक अमेरिकेतल्या व्यवस्थापकाने तयार केली, तर घड्याळबदलाचा भार आपोआप आपल्यावर येतो. तीच मालिका पुण्यातून, भारतीय प्रमाणवेळ निवडून तयार करा. मग संध्याकाळी साडेसहा वर्षभर साडेसहाच राहते, आणि हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या माणसाला ९ ऐवजी ८ वाजता बसावे लागते. ही मागणी अवाजवी नाही. ऑक्टोबरच्या मध्यात, म्हणजे बदलाच्या दोन-तीन आठवडे आधी लेखी विचारले तर बहुतेक वेळा मान्य होते. बदल झाल्यावर विचारले तर मात्र प्रत्येकाचे कॅलेंडर भरलेले असते आणि 'पुढच्या वर्षी बघू' असे उत्तर मिळते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी काम असेल, तर ही युक्ती चालत नाही, कारण अंतर फार आहे. तिथे आळीपाळी हाच न्याय्य मार्ग. एक आठवडा त्यांच्या सकाळी, एक आठवडा त्यांच्या संध्याकाळी. सॅन फ्रान्सिस्कोतील संध्याकाळी सहा म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यात सकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. इथे एक चूक नेहमी होते. आळीपाळी ठरवताना पाचही दिवस सरसकट हलवले जातात, आणि त्यांच्या शुक्रवारची संध्याकाळ आपल्या शनिवारच्या सकाळी येऊन बसते. पाच दिवसांचा आठवडा कागदावर राहतो. म्हणून सकाळच्या आठवड्यात त्यांच्या सोमवार ते गुरुवार एवढ्याच बैठका घ्याव्यात, शुक्रवारी लेखी टिपण पाठवावे. आणि ज्या दिवशी रात्री साडेदहापर्यंत काम झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातची बैठक लावू नये. दोन कामांमध्ये किमान अकरा तासांचे अंतर हा युरोपीय संघाच्या कामाच्या वेळेविषयीच्या नियमांतला निकष आहे. आपल्याकडे तो कोणी लादलेला नसला तरी रोस्टर, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक बनवताना आम्ही तोच धरतो, कारण त्यात झोप, प्रवास आणि एक निवांत जेवण बसते. त्यापेक्षा कमी केले की आधी कापली जाते ती झोप.

दुसरा मोठा विषय 'अर्जंट' या शब्दाखाली येणाऱ्या फोनांचा. सर्व्हर, बँकेच्या व्यवहारांची यंत्रणा, रुग्णालयाचे सॉफ्टवेअर हे चोवीस तास चालते. ते रात्री बंद पडू शकते आणि कोणाला तरी उठावेच लागते, याबद्दल आमचा वाद नाही. वाद आहे तो सगळ्यांनीच रोज अर्धवट जागे राहण्याबद्दल. आठ जणांच्या गटात ऑन-कॉलची पाळी ठरलेली नसेल, तर आठही जणांचे फोन उशाशी असतात. पाळी ठरली, की एका आठवड्यात एकाचा मुख्य आणि एकाचा राखीव फोन चालू राहतो. बाकी सहा जणांची रात्र खरोखर त्यांची असते. आठ जणांत मुख्य पाळी दोन महिन्यांतून एकदा येते.

हे कागदावर सगळ्यांनाच पटते. प्रत्यक्षात बिघडते ते ठरावीक ठिकाणी. पाळी शुक्रवारी संध्याकाळी बदलली, तर नव्या माणसाला अर्धवट राहिलेल्या बिघाडांची माहिती नसते आणि शनिवारी तो जुन्यालाच फोन करतो. म्हणून पाळीची अदलाबदल सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी ११ च्या सुमारास, अर्धा तास समोरासमोर बसून करावी. दुसरी अडचण नावाची. गटात एक जाणकार असतो, त्याचा नंबर सगळ्यांकडे असतो आणि पाळी कोणाचीही असो, फोन त्यालाच जातो. यावर सूचनापत्रे काढून काही होत नाही. पाळीसाठी एकच वेगळा नंबर घ्यावा, तो दर आठवड्याला त्या-त्या माणसाच्या मोबाइलवर फॉरवर्ड करावा आणि ग्राहकाला फक्त तोच द्यावा. मुख्य माणसाने पंधरा मिनिटांत फोन उचलला नाही तर राखीव माणसाला, त्यानेही नाही उचलला तर व्यवस्थापकाला. जाणकाराला उठवायचेच झाले तर ते व्यवस्थापकाने उठवावे; स्वतः उठून दुसऱ्याला उठवावे लागले, की खरोखर गरज किती आहे हे दोन मिनिटांत कळते.

तिसरी अडचण अलर्टची, म्हणजे यंत्रणेकडून आपोआप येणाऱ्या इशाऱ्यांची. सर्व्हरची डिस्क ८० टक्के भरली, असा इशारा मध्यरात्री वाजवण्याचे कारण नाही. ती त्याच वेगाने भरत राहिली तर किती तासांत पूर्ण भरेल, यावर इशारा लावायचा. सकाळपर्यंत पुरणार असेल तर इशाऱ्याचे टिकिट (नंतर बघायच्या कामाची नोंद) बनावे, फोन वाजू नये. महिन्याच्या शेवटी रात्री दहा ते सकाळी सात या वेळातल्या सगळ्या इशाऱ्यांची यादी काढावी आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहावी: उठलेल्या माणसाने काही केले का, की नुसते बघून झोपला? ज्यावर काही करावे लागले नाही, तो इशारा दुसऱ्या दिवशी काढून टाकावा किंवा दिवसाच्या वेळेत ढकलावा. हे काम कोणी करत नाही, कारण ते कोणाच्या मूल्यमापनात धरले जात नाही. आमच्या मते झोपमोड कमी करण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

आणि भरपाई. रात्री उठून काम केले तर कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी मिळते, पण 'सोयीने घ्या' म्हटले की ती कधीच घेतली जात नाही आणि मुदत संपून बुडते. ती लगेचच्या पाच कामकाजाच्या दिवसांत घ्यायची, आणि तारीख रोस्टरमध्ये व्यवस्थापकाने स्वतः भरायची, असा नियम असेल तरच ती माणसाच्या हाती लागते.

आता व्हॉट्सअॅप. हा प्रश्न माहिती-तंत्रज्ञानवाल्यांचा एकट्याचा नाही. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्याबदल्यात कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा अशी वाढली. शनिवारच्या सुट्टीची किंमत रोज जास्त बसून दिली जात असताना शनिवारी दुपारी गटावर 'माहिती तातडीने भरा' असा संदेश येत असेल, तर तो सौदा एकतर्फी झाला. शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, बँकेतले कर्मचारी, सगळ्यांच्या फोनमध्ये असे पाच-सहा गट असतात. त्यात आदेश, वाढदिवस, सुविचार आणि पन्नास वेळा 'ओके सर' हे सगळे एकाच ठिकाणी पडते. कामाचा एक संदेश चुकू नये म्हणून माणूस सगळेच उघडत राहतो. फोन सतत हातात राहण्याचे हे खरे कारण आहे.

दुरुस्ती अशी करावी. आदेशांसाठी वेगळा गट, आणि त्याच्या सेटिंगमध्ये संदेश फक्त अॅडमिन पाठवू शकतील असे करायचे. त्यात 'ओके' पडतच नाही, त्यामुळे दिवसातून दोनदा उघडला तरी पुरतो. चर्चेचा गट वेगळा. तो रात्रीपुरता नव्हे, कायमचा म्यूट आणि अर्काइव्ह. अर्काइव्ह केलेले गट नवा संदेश आला तरी वर येऊ नयेत, अशी सोय चॅटच्या सेटिंगमध्येच आहे. ती चालू आहे ना, हे तपासावे. तातडीचे काम असेल तर फोनच करायचा, व्हॉट्सअॅपवर लिहायचे नाही, हा तिसरा नियम आणि सगळ्यांत महत्त्वाचा. हा एक नियम पाळला गेला, तर संदेश न बघण्याची भीती जाते. लिहिणे फुकट असते म्हणून माणूस काहीही तातडीचे म्हणून लिहितो. रात्री दहाला फोन करायचा म्हटला की स्वतःच थांबून विचार करतो.

वरिष्ठांसाठी थोडे. 'सवडीने बघ' असे लिहून रात्री साडेदहाला पाठवलेला संदेश सवडीने बघितला जात नाही. निळ्या खुणा दिसतात, साहेब जागे आहेत हे दिसते, आणि समोरचा त्याच वेळी लॅपटॉप उघडतो. विचार रात्री सुचतात हे खरे; ते विसरू नयेत म्हणून लिहूनही ठेवावेत. पण ई-मेल असेल तर 'शेड्यूल सेंड' वापरून सकाळी साडेनऊची वेळ द्यावी. टीम्स आणि स्लॅक या कार्यालयीन संदेशांच्या अॅपमध्येही हीच सोय आहे. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच संदेश पाठवण्याची चॅट असते. त्यात लिहून ठेवावे आणि सकाळी तिथून पुढे पाठवावे. दोन बोटांचे काम आहे.

ज्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे, म्हणजे दुकानदार, कर सल्लागार, दवाखाना चालवणारे डॉक्टर, त्यांना वरिष्ठ नसतो, पण ग्राहक रात्री अकरालाही विचारतो. त्यांनी व्हॉट्सअॅप बिझनेस वापरावे आणि त्यात कामाच्या वेळा भरून 'अवे मेसेज' त्या वेळांच्या बाहेरच जाईल असे लावावे. उत्तर कधी मिळेल आणि खरी अडचण असेल तर कुठे फोन करायचा, एवढी दोनच वाक्ये त्यात असावीत. उत्तर मिळाले की ग्राहक पुन्हा पुन्हा लिहीत नाही. त्याला शांतता नको असते, खात्री हवी असते.

फोनमधल्या सोयींबद्दल एक भीती सगळ्यांत जास्त ऐकू येते: 'फोन गप्प केला आणि गावाकडून आईचा फोन आला तर?' डू नॉट डिस्टर्ब चालू असतानाही ठरावीक नंबरांना वाट मोकळी ठेवता येते. अँड्रॉइडमध्ये ते नंबर कॉन्टॅक्टमध्ये स्टार करायचे आणि स्टार केलेल्यांचे कॉल चालू ठेवायचे. आयफोनमध्ये फोकसच्या यादीत घालायचे. शिवाय 'रिपीट कॉलर्स' किंवा 'रिपीटेड कॉल्स' नावाची सोय असते. अनोळखी नंबरवरूनही कोणी थोड्याच वेळात दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. अँड्रॉइडवर ही मुदत साधारण पंधरा मिनिटांची असते, आयफोनवर तीन मिनिटांची. अपघात, रुग्णालय, पोलीस, अशा वेळी माणूस दोनदा फोन करतोच. हे दोन्ही लावून घरातल्या दुसऱ्या फोनवरून प्रत्यक्ष तपासून बघावे. न तपासता ठेवले की मनात शंका राहते आणि दोन दिवसांत सगळे पूर्ववत होते.

कंपनीने अँड्रॉइडवर 'वर्क प्रोफाइल' (कामाच्या अॅपचा वेगळा कप्पा) दिले असेल तर कामाची सगळी अॅप एका बटणाने थांबवता येतात; ते ऑन-कॉल नसलेल्यांनी रोज करावे. आणि दिवसाचा स्क्रीन टाइम किती तास, या आकड्यामागे फार लागू नये. त्यात नकाशा, यूपीआय, आजीशी केलेला व्हिडिओ कॉल हे सगळे येते. त्याऐवजी अँड्रॉइडच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये फोन किती वेळा अनलॉक केला आणि किती नोटिफिकेशन आल्या, हे दोन आकडे बघावेत. तास कमी आणि अनलॉक भरपूर असे असेल, तर फोन माणसाला सारखा उठवतो आहे. सर्वांत जास्त नोटिफिकेशन देणारी पहिली तीन अॅप शोधून त्यांच्या सूचना बंद केल्या की पहिल्याच दिवशी फरक दिसतो. खरेदीची अॅप त्यात हमखास सापडतात.

घराच्या बाजूने काय करता येते, याचे आपल्या राज्यातले नामांकित उदाहरण सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचे आहे. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. अनेक गावांनी ते उचलले. त्यातली समजण्यासारखी गोष्ट म्हणजे निर्णय गावाने मिळून घेतला. एका घराने टीव्ही बंद केला आणि शेजारी मालिका चालू राहिली, तर मूल शेजारी जाऊन बसते. पण सात ते साडेआठ ही वेळ शहरात जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण वर सांगितलेल्या बैठका नेमक्या तेव्हाच असतात. शहरातल्या घराने आपली वेळ आपल्या रोस्टरवरून काढावी. सगळे घरात असतात असा पाऊण तास रात्री नऊला सापडेल, नाहीतर सकाळी साडेसहाला. सकाळचा चहा एकत्र घेणारे घर रात्रीच्या जेवणाला एकत्र बसणाऱ्या घरापेक्षा कमी नाही. मात्र वेळ आठवडाभर तीच ठेवावी आणि त्या वेळी सगळ्यांचे फोन, मोठ्यांचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत. झोपण्याच्या खोलीत चार्जर ठेवूच नये. गजरासाठी साधे घड्याळ आणावे. लहान मुलांपुरते नियम ठरलेलेच आहेत: भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालील मुलांना नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन नको, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

घरून काम करणाऱ्यांनी दिवस संपवण्याची खूण मुद्दाम तयार करावी, कारण प्रवास ती आपोआप देत असे. शेवटची दहा मिनिटे उद्याचे पहिले काम एका ओळीत लिहिण्यासाठी ठेवावीत, मग लॅपटॉप बॅगेत, बॅग कपाटात. जेवणाच्या टेबलावर उघडा ठेवलेला लॅपटॉप हा दिवस न संपण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. वन बीएचके घरात वेगळी खोली मिळत नाही हे मान्य. पण कपाट मिळते.

आता एक गोष्ट जी या चर्चेत फार कमी येते. कार्यालयातून वाचलेला वेळ घरात सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ गेला, पुरुषांचा ८८ मिनिटे. म्हणजे नोकरी करणारी स्त्री सहाला लॉग-आउट झाली तरी तिची दुसरी पाळी सुरू होते. तिला 'स्वतःसाठी वेळ काढ' असे सांगणे निरुपयोगी आहे. कोणाच्या तरी वाट्याला ते काम गेल्याशिवाय वेळ निघत नाही. म्हणून घराचेही रोस्टर हवे. एका आठवड्यात दिवसाचे अठ्ठेचाळीस अर्ध्या तासांचे रकाने आखून कोण काय करत होते ते दोघांनी वेगवेगळे भरावे. भाजी आणणे, निवडणे, कणीक मळणे, डबे भरणे, मुलांचे दप्तर, आई-वडिलांच्या गोळ्या, गॅसचे बुकिंग, कामवाल्या मावशी न आल्यास भांडी, हे सगळे सुटे लिहावे. 'घरकाम' असा एकच रकाना ठेवला की ते पुन्हा दिसेनासे होते. मग आठवड्याचे पूर्ण काम वाटून घ्यावे. 'मदत' म्हणून नको. सोमवार, बुधवार, शुक्रवारचा रात्रीचा स्वयंपाक ज्याच्याकडे, त्याने काय करायचे हे ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत सगळे त्याचे. आणि त्या दिवशी त्याची उशिराची बैठक नको, हे कार्यालयाच्या कॅलेंडरमध्येही भरावे. पुरुषांनी कॅलेंडरमध्ये 'स्वयंपाक' असे उघड लिहायला सुरुवात केली तर कार्यालयाची सवयही बदलेल.

आठवड्याला ७० तास, ९० तास काम करावे, असे काही मोठे उद्योजक सांगतात. आठवड्यात १६८ तास असतात. ७० तास काम, रोज सात तास म्हणजे ४९ तास झोप आणि सहा दिवस रोज दोन तास प्रवास असे १२ तास धरले, तर ३७ उरतात. आंघोळ, जेवण, घरकाम, बाजार यांना रोज तीन तास दिले की २१ गेले. उरले १६, त्यातले १४ रविवारी. ४८ तासांच्या आठवड्यात हाच हिशेब ३८ तासांवर येतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र मांडलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक आढळला. एवढे समोर असताना तास वाढवण्याचा आग्रह आम्हाला मान्य नाही.

कायद्याच्या आघाडीवर चित्र फारसे आशादायक नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर, तर तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. शिवाय व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांना हा अधिनियम लागूच होत नाही, आणि रात्रीचे फोन सर्वांत जास्त त्यांनाच येतात. कामाच्या वेळेनंतर संपर्क नाकारण्याच्या हक्काचे विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. ते खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक आहे, आणि खासगी विधेयकाचा कायदा होण्याची शेवटची वेळ १९७० ची. त्यामुळे त्याची वाट बघत बसणे परवडणारे नाही.

फ्रान्सने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना याविषयी कामगारांशी वाटाघाट करणे बंधनकारक केले. पोर्तुगालने २०२१ मध्ये विश्रांतीच्या वेळी संपर्क न करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ऑस्ट्रेलियाची २६ ऑगस्ट २०२४ पासूनची तरतूद आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटते. तिथे वरिष्ठाला फोन करायला बंदी नाही; कर्मचाऱ्याला तो न घेण्याचा हक्क आहे, मात्र नकार अवाजवी नसावा. तो अवाजवी आहे की नाही हे ठरवताना फोनचे कारण, त्याने होणारा व्यत्यय, उपलब्ध राहण्याचे पैसे मिळतात का, पदाची जबाबदारी आणि घरची परिस्थिती हे सगळे बघितले जाते. यातला प्रत्येक मुद्दा आपल्याकडची कोणतीही कंपनी कायद्याविना आपल्या धोरणात एका पानात लिहू शकते. 'ग्राहक नाराज होईल' हे कारण नेहमी पुढे येते. अनुभव असा, की ग्राहकाला आठ जणांनी अर्धवट उत्तरे दिलेली नको असतात. पंधरा मिनिटांत एक जबाबदार माणूस बोलला की त्याचे समाधान होते.

कंपन्यांतील मनुष्यबळ विभागांना आणि गटप्रमुखांना आमची विनंती आहे, की पुढचा घड्याळबदल येण्याआधी आपल्या गटाच्या सगळ्या आवर्ती बैठकांची यादी काढा, प्रत्येकीपुढे उन्हाळ्यातली आणि हिवाळ्यातली भारतीय वेळ लिहा आणि संध्याकाळी सातनंतर येणाऱ्या बैठका लाल करा. मग प्रत्येक लाल बैठकीला तीनच गोष्टी विचारा: ती अर्धा तास आधी होते का, आळीपाळीने होते का, तिच्याऐवजी लेखी टिपण चालते का. दोन तासांत हे काम होते. यादी गटातल्या सर्वांना दिसेल अशी ठेवा, आणि ज्या बैठका लालच राहतील त्यांच्यापुढे त्या कोणाच्या निर्णयाने राहिल्या ते नाव लिहा.

आपले,
पाळी व ऑन-कॉल नियोजनाचे काम करणारे काही वाचक, पुणे